तक्ता मी बनवत होते : वेतन समित्यांच्या सदस्यांना खुले पत्र

माननीय सदस्य,

स. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही, पण माझ्या हातचं काम तुमच्या नजरेखालून गेलेलं असण्याची शक्यता आहे. वर्षातून एकदा सीईओ आणि त्यांच्या खालच्या चार-पाच जणांचं वेतन ठरवायला तुम्ही बसता, तेव्हा समोर एक जाडजूड फाइल येते. तिच्यात सातव्या-आठव्या पानावर एक तक्ता असतो. डावीकडे ‘आपल्यासारख्या’ कंपन्यांची नावं, उजवीकडे त्यांच्या प्रमुखांचं मूळ वेतन, बोनस, शेअर आणि एकूण. तळाशी मीडियन, म्हणजे चढत्या क्रमाने लावलेल्या आकड्यांतला बरोबर मधला, आणि पंचाहत्तरावं पर्सेंटाइल, म्हणजे ज्याच्या खाली पाऊण यादी येते तो आकडा. असे तक्ते मी बारा वर्षं बनवले. आधी एका सल्लागार संस्थेत, नंतर एका कंपनीच्या एचआरमध्ये. ते काम आता सोडलं आहे, म्हणून हे पत्र लिहिता येतंय.

माझं पूर्वीचं काम कळलं की लोक एकच प्रश्न विचारतात : एवढा पगार घेणारी ही माणसं खरंच तेवढं कमावतात का? मी बहुधा उत्तर टाळते. त्यात मुत्सद्देगिरी काही नाही. जिथे हा आकडा ठरतो त्या खोलीत बारा वर्षांत हा प्रश्न मी एकदाही ऐकलेला नाही. तिथे विचारतात ते वेगळंच : बाकीचे किती देतात?

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे असायचं. ते कसं तयार होतं, एवढं आधी सांगते.

एका वर्षी माझ्या यादीत अठरा कंपन्या होत्या. बैठकीच्या आठ दिवस आधी समितीच्या अध्यक्षांचा निरोप आला की त्यातल्या दोन ‘आपल्या जातकुळीतल्या वाटत नाहीत’, त्या काढा. आणि अमुक दोन घाला, ‘आपल्याला उद्या त्यांच्या पंगतीत बसायचंय.’ काढलेल्या दोन्ही कंपन्या यादीत सगळ्यांत कमी वेतन देणाऱ्या होत्या. घातलेल्या दोन्ही आमच्यापेक्षा आकाराने कितीतरी मोठ्या. कारणं बिनतोड होती, मीच ती नीट भाषेत लिहून दिली. मीडियन एका दुपारीत वर सरकला. कुणी खोटं बोललं नाही, एकही आकडा चुकीचा नव्हता. बैठक पंचवीस मिनिटांत आटोपली. त्यातली निम्मी बहुतेक गाडी पार्किंगच्या नव्या व्यवस्थेवर गेली असावीत.

हा आमच्याच कंपनीचा नाद असता तर एवढं लिहिलं नसतं. मायकल फॉकेंडर आणि जुन यांग या अभ्यासकांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या कंपन्यांच्या अशा याद्या तपासल्या, तेव्हा त्यांना हेच दिसलं : तुलनेसाठी निवडलेल्या कंपन्या जास्त वेतन देणाऱ्यांकडे झुकलेल्या. आता यात दुसरी एक सवय मिसळा. कुठलीही समिती ‘आमचा सीईओ बेताचाच आहे, त्याला मीडियनच्या खाली ठेवू’ असं म्हणत नाही. म्हटलं तर उद्या भागधारक विचारतील, मग बेताचा माणूस ठेवलात कशाला? म्हणून प्रत्येक जण आपल्या माणसाला मीडियनवर किंवा त्याच्या वर बसवतो. पुढच्या वर्षी हेच आकडे दुसऱ्या कंपनीच्या तक्त्यात जातात, तिथला मीडियन चढतो, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तो चढलेला मीडियन आपल्याकडे परत येतो. या सगळ्या फेऱ्यात कुणाच्या कामाबद्दल कुणी काही विचारलेलं नसतं. तरी आकडा वाढलेला असतो.

अमेरिकेच्या इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटच्या हिशोबानुसार तिथल्या मोठ्या कंपन्यांत सीईओ आणि सामान्य कर्मचारी यांच्या मोबदल्याचं प्रमाण १९६५ मध्ये २१ ला १ होतं. २०२३ मध्ये ते २९० ला १ झालं. मधल्या काळात सीईओ चौदा पट हुशार झाले असतील, असं माझ्या तक्त्यांवरून तरी दिसलं नाही.

हे मी कुणावर डूख धरून लिहीत नाही. वरच्या लोकांबद्दल ‘नुसते उंटावरून शेळ्या हाकतात’ असं सरसकट म्हणणारे मला पटत नाहीत. मी ज्यांच्यासाठी तक्ते केले त्यांतला एक जण, मोठ्या पुरवठादाराचं दिवाळं निघालं तेव्हा, सलग नऊ दिवस कारखान्यात मुक्काम ठोकून होता. दुसऱ्या एकीने स्वतःच सुरू केलेला प्रकल्प, चुकला हे कळताच, भर सभेत बंद केला. खालच्या कुणाचीही ती हिंमत झाली नसती. पण कष्ट हे माप लावायचं तर रात्रपाळीतल्या देखभाल तंत्रज्ञालाही तेच लावावं लागेल, आणि मग तुमचा तक्ता पहिल्याच ओळीत मोडेल. माप लावायचं ते या माणसामुळे पडलेल्या फरकाला. दुसरं कुणी असतं तर काय झालं असतं, हा तो हिशोब.

फरक पडतो, हे मी मान्य करते. डेन्मार्कमधल्या काही संशोधकांनी रुग्णालयातल्या नोंदी आणि कंपन्यांचे हिशोब एकत्र ठेवून पाहिले. सीईओ आजारपणामुळे बरेच दिवस कामावर नसला की कंपनीच्या नफ्यावर त्याचा परिणाम दिसत होता. म्हणजे ती खुर्ची शोभेची नाही. कापड कारखान्यांवरचा एक प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही कारखान्यांना व्यवस्थापनाचा सल्ला फुकट दिला, काहींना दिला नाही. सल्ला मिळालेल्यांची उत्पादकता पहिल्याच वर्षी १७ टक्क्यांनी वाढली. हा आकडा मी एकेकाळी सादरीकरणात अभिमानाने वापरायचे, ‘व्यवस्थापनाला मोल आहे’ या मथळ्याखाली. नंतर पूर्ण निबंध वाचला. तिथे सुधारलं काय होतं? दोष आढळला की त्याची नोंद ठेवणं, सुताचा साठा नीट लावणं, यंत्रं बिघडायची वाट न पाहता त्यांची देखभाल करणं. हे व्यवस्थापनच आहे, आणि फार मोलाचं आहे. पण ते करणारा माणूस माझ्या तक्त्यात कधीच नव्हता. तो शॉप फ्लोअरवर होता आणि त्याची वेतनवाढ एचआरच्या ठरलेल्या टक्क्यांत बसवली जायची.

तुमच्या बाजूने होणारा सगळ्यांत भक्कम युक्तिवाद झाविए गाबे आणि ऑगस्तँ लांदिए या अर्थशास्त्रज्ञांचा आहे, २००८ चा. तो तुमच्यापैकी कुणी बैठकीत मांडल्याचं आठवत नाही, म्हणून मीच मांडते. ते म्हणतात, १९८० ते २००३ या काळात अमेरिकेत सीईओंचं वेतन सहापट झालं, पण मोठ्या कंपन्यांचं बाजारमूल्यही सहापटच झालं. कंपनी जितकी अवाढव्य, तितकं थोड्याशा जास्त कौशल्याचंही मोल मोठं. आणि हे ‘थोडंसं’ किती? त्यांच्या गणितानुसार अडीचशेव्या क्रमांकाच्या सीईओच्या जागी पहिल्या क्रमांकाचा आणला, तर कंपनीचं मूल्य वाढेल ०.०१६ टक्के. लाखामागे सोळा. प्रचंड कंपनीत लाखामागे सोळा हीसुद्धा डोळे दिपवणारी रक्कम होते, तेव्हा ती देणं परवडतं, असा त्याचा अर्थ.

गणित मला मान्य आहे. मान्य नाही ते हे, की तुम्हाला पहिला आणि अडीचशेवा यांतला फरक ओळखता येतो. लाखामागे सोळा इतका बारीक फरक! चलनाचा दर थोडा हलला, एखादा मोठा ग्राहक गेला, एक कोर्टाचा निकाल लागला की तो कुठल्या कुठे वाहून जातो. इतकं सूक्ष्म तोलायला सोनाराचा काटा लागतो, आणि तुमच्याकडे होती माझी फाइल.

म्हणूनच नशिबाबद्दल जरा सविस्तर लिहिणार आहे. माझ्या मनाला सगळ्यांत लागून राहिलेली गोष्ट तीच.

मरियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी २००१ मध्ये तेल कंपन्यांच्या प्रमुखांचं वेतन तपासलं. खनिज तेलाचा जागतिक भाव वाढला की कंपनीचा नफा वाढतो. त्यात एकट्या सीईओचं कर्तृत्व जवळजवळ शून्य. तरी भाव चढला की त्यांचं वेतन चढत होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, आणि फांदी मोडल्याबद्दल कावळ्याला बोनस. पुढे २००६ मध्ये गार्वी आणि मिलबर्न या अभ्यासकांनी दाखवलं की हा न्याय एकाच बाजूने चालतो : नशीब चांगलं असेल तर त्याचं श्रेय वेतनात येतं, वाईट असेल तर त्याची झळ तेवढी येत नाही.

हे वाचलं तेव्हा मला धक्का बसला नाही. लाज वाटली. कारण एका वर्षी कच्च्या मालाचे भाव कोसळले होते, आमचा नफा फुगला, आणि सीईओंना पूर्ण बोनस देताना जे टिपण गेलं त्यात मी लिहिलं होतं : ‘नेतृत्वाने खर्चावर राखलेले काटेकोर नियंत्रण.’ दोन वर्षांनी तेच भाव उसळले, नफा आटला. त्या वर्षीचं टिपणही माझंच : ‘व्यवस्थापनाच्या नियंत्रणाबाहेरील बाह्य परिस्थिती लक्षात घेता उद्दिष्टांचे फेरमूल्यांकन करण्यात यावे.’ उद्दिष्ट खाली आलं, बोनसचा मोठा भाग वाचला. दोन्ही वाक्यं एकाच संगणकावर, एकाच माणसाने, त्याच मालाच्या भावाबद्दल लिहिली. दोन्ही टिपणांवर ज्यांच्या सह्या आहेत त्या पाच जणांपैकी एकालाही जुनं टिपण काढून पाहावंसं वाटलं नाही. मलाही बोलावंसं वाटलं नाही, हे आधी कबूल करायला हवं. माझंही इन्क्रिमेंट त्याच साखळीतून येत होतं. ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात. इथे ससा धावून धावून आपणच दमून पडला होता आणि पारध्याचा सत्कार मी लिहून देत होते.

(त्याच वर्षी, भाव उसळलेल्या वर्षी, विक्री विभागातल्या लोकांची टार्गेट्स मात्र बदलली नाहीत. त्यांच्यासाठी बाह्य परिस्थिती नव्हती.)

तुम्ही म्हणाल, यावर उपाय म्हणूनच तर वेतन शेअरच्या भावाशी बांधलं. तो उपाय कसा आला हेही पाहण्यासारखं आहे. १९९० मध्ये जेन्सन आणि मर्फी या अर्थशास्त्रज्ञांनी मोजलं की भागधारकांची संपत्ती हजार डॉलरने बदलली तर सीईओच्या संपत्तीत फरक पडतो सव्वातीन डॉलरचा. निष्कर्ष असा निघाला की सीईओ सरकारी बाबूसारखा पगार घेतोय, त्याला मालकासारखं वाटायला लावा. १९९३ मध्ये अमेरिकेने वेतनाला लगाम घालायला करकायदा बदलला : दहा लाख डॉलरच्या वरचं वेतन कंपनीला खर्च म्हणून करातून वजा करता येणार नाही, मात्र ते कामगिरीवर आधारित असेल तर चालेल. लगाम घालणाऱ्यांनीच दार उघडं ठेवलं. स्टॉक ऑप्शन्सचा, म्हणजे दिल्या दिवशीच्या भावाने शेअर पुढे विकत घेण्याच्या हक्कांचा, पूर आला. थोड्या वर्षांनी एरिक ली या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की ऑप्शन दिल्याच्या तारखा फारच भाग्यवान असतात, शेअर नेमका तळाला असतानाच्या. काही कंपन्या तारीख मागाहून, सोयीने, मागची टाकत होत्या. २००६ मध्ये ते प्रकरण गाजलं. कामगिरीवर आधारित!

तारखा खऱ्या असल्या तरी शेअरचा भाव हे माप वाकतंच. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चारशेवर वित्तप्रमुखांना विचारलं होतं. त्यांतल्या ७८ टक्क्यांनी सांगितलं की नफ्याचा आलेख चढउतारांशिवाय, सुबक दिसावा म्हणून आपण कंपनीचं दीर्घकालीन मूल्य थोडं गमवायलाही तयार होऊ. ही चोरी पकडली गेलेली नाही, हे प्रश्नावलीत दिलेलं उत्तर आहे.

जातानाच्या पैशांबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. घरदुरुस्तीचं सामान विकणाऱ्या होम डेपो या अमेरिकन कंपनीचे प्रमुख बॉब नार्डेली जानेवारी २००७ मध्ये गेले ते सुमारे २१ कोटी डॉलरचं पॅकेज घेऊन. त्याच वर्षी मेरिल लिंचचे स्टॅन ओनील, बँक तोट्याच्या खाईत असताना, सुमारे १६ कोटी घेऊन. करार तसाच होता, असं दोन्हीकडे म्हणता येईल. पण करार आभाळातून पडत नाही. त्यावर तुमच्यासारख्यांच्याच सह्या असतात, आणि त्या नेमणुकीच्या दिवशी होतात, जेव्हा सगळेच नव्या नवरदेवाच्या कौतुकात असतात. वेल्स फार्गो बँकेत खोट्या खात्यांचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा खालचे सुमारे ५,३०० कर्मचारी आधीच काढून टाकलेले होते. प्रमुखाचे ४ कोटी १० लाख डॉलरचे शेअर संचालकांनी परत घेतले ते मागाहून, २०१६ मध्ये, चौफेर ओरड झाल्यावर. परत घेता येतात, एवढं मात्र त्यातून कळलं.

मग काय, सगळ्यांना सारखंच द्यायचं? नाही. कमाल मर्यादा घालून पाहिलेल्यांचे अनुभव मला माहीत आहेत. आइस्क्रीम बनवणाऱ्या बेन अँड जेरीजने सुरुवातीला ठरवलं होतं की सर्वोच्च पगार किमान पगाराच्या पाच पट. पुढे तो सात पट झाला, आणि १९९४ च्या सुमारास बाहेरून सीईओ शोधायची वेळ आली तेव्हा नियमच गेला. स्वित्झर्लंडच्या मतदारांनी मार्च २०१३ मध्ये जवळपास ६८ टक्के मतांनी भागधारकांना वरच्यांच्या वेतनावर बंधनकारक मत देण्याचा अधिकार दिला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये १२ पटींची मर्यादा सुमारे ६५ टक्क्यांनी फेटाळली. लोकांना विचारू द्या, पण आकडा कायद्यात कोरू नका, असा तो कौल मला वाटतो. मला तो समजू शकतो.

उलट टोकाला जपान एअरलाइन्स आहे. जानेवारी २०१० मध्ये दिवाळखोरीत गेली. तिची सूत्रं हाती घेतली ७८ वर्षांच्या काझुओ इनामोरी यांनी, बिनपगारी. सप्टेंबर २०१२ मध्ये कंपनी पुन्हा शेअर बाजारात आली. ही गोष्ट भाषणात फार छान वाटते, म्हणून तिच्या कडा दाखवायला हव्यात : इनामोरी आधीच क्योसेरा या मोठ्या जपानी कंपनीचे संस्थापक होते, त्यांना पगाराची गरज नव्हती, सरकारी पाठबळाचा पैसा आला होता, आणि सुमारे १६,००० नोकऱ्या गेल्या. यश इनामोरींचं किती, पैशाचं किती, घरी गेलेल्या सोळा हजारांचं किती, हे तिथेही कुणाला वेगळं काढता आलेलं नाही. मला त्यातून एकच गोष्ट घ्यायचीय. ‘एवढं दिलं नाही तर या तोलामोलाचा माणूस मिळणारच नाही’ हे वाक्य तुम्ही दर वर्षी नैसर्गिक नियमासारखं उच्चारता. तो नियम नाही. तो एक अंदाज आहे आणि तो तुम्ही कधी तपासलेला नाही. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत बहुतेक सीईओ आतूनच वर येतात. त्यांना पळवायला दाराशी रांग लागलेली असते का? असेल तर त्या रांगेचा एखादा कागद फाइलला लावलेला मी पाहिला नाही.

वर्ष सुरू होण्याआधी तुम्ही एक पान लिहावं, अशी माझी विनंती आहे. वर्ष संपल्यावर नको, तेव्हा काहीही लिहिता येतं. मी लिहिलेलं आहे. या वर्षी आपल्या धंद्यात वारा कुठून कुठे वाहू शकतो, कच्चा माल, व्याजदर, चलन, आणि त्याने नफा किती हलेल, ते त्या पानावर असावं, म्हणजे नंतर तेवढं वजा करता येईल. दोन्ही बाजूंनी. ‘हे झालं तर या माणसाने वेतन कमावलं नाही असं आम्ही समजू’ असं एक तरी स्पष्ट वाक्य असावं. आजवरच्या एकाही फाइलमध्ये असं वाक्य नव्हतं. हरण्याची व्याख्याच नसलेल्या खेळात जिंकणारा खरंच चांगला खेळला की नाही, हे तुम्हालाही कळत नाही आणि त्यालाही नाही. ज्या एकीने भर सभेत स्वतःचा प्रकल्प बंद केला तिचा बोनस त्या वर्षी कमी झाला, हे सांगायचं राहिलं. तुमच्या मापात तिचा निर्णय तोटा म्हणून नोंदला गेला होता.

आणि तुलनेच्या यादीतून नाव काढायचं किंवा घालायचं असेल तर ते कोणी, कधी आणि का सुचवलं, हे तक्त्याखालीच छापावं. एक ओळ पुरते.

शेवटच्या वर्षी मी तक्त्यात स्वतःहून एक रकाना घातला होता. मथळा होता : ‘या पदासाठी कंपनीतलाच पुढचा योग्य उमेदवार किती वेतनावर तयार होईल?’ त्यात आकडा नव्हता, कारण तो कुणाला विचारलेलाच नव्हता. तुम्ही विचाराल म्हणून मी तो कोरा ठेवला. फाइल छपाईला जाण्याआधी वरून निरोप आला की एक रकाना चुकून रिकामा राहिलाय, तो काढून टाका. मी काढला. बाकीचे रकाने मग थोडे रुंद करावे लागले, पानावर मोकळी जागा दिसू नये म्हणून.

तुमच्या पुढच्या बैठकीआधी तो रकाना परत घालून घ्या. ज्यांच्याकडे हे काम आता आहे त्यांना अर्धा तासही लागणार नाही. भरायला मात्र तुम्हाला त्या उमेदवाराला बोलवावं लागेल.

कळावे,

आपली,
तक्त्याची एक माजी लेखिका